डावखुऱ्या पहारेकऱ्यांची तीन पानं

मी, बायजा गोपीनाथ भोईर, माहेरची बायजा देवराम म्हात्रे, वय शहात्तर पूर्ण, राहणार वर्तकनगर, ठाणे (पश्चिम), पूर्ण शुद्धीवर असताना आणि कोणाच्याही दडपणाला बळी न पडता हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. दडपण आणायला आता कोणी उरलेलं नाही. नशेच्या अंमलाखाली नाही असंही लिहावं लागतं. मला नशा फक्त चहाची आहे आणि ती कायदा धरत नाही, असं वकिलांनी सांगितलं.

प्रकृती ठीक आहे. उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढून झाला, डाव्यातला काढायचा आहे. हात मात्र अजून थरथरत नाही. हे अक्षर पाहून कोणालाही ते कळेल, आणि कळावं म्हणूनच मी मजकूर टाईप करून घेतला नाही. वकील म्हणाले, "आजी, थोडक्यात लिहा." थोडक्यात मी आयुष्यभर राहिले. आता सविस्तर लिहिणार.

याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही आणि आताही केलं नसतं. घर, बँकेतली शिल्लक आणि दोन पाटल्या यांच्यावरून भांडायला माझ्या घरात माणसंच नाहीत फारशी. एक मुलगा ऋतुराज, त्याची बायको संचिता, त्यांची मुलगी सान्वी. हे लिहायला बसले ते माझ्याकडच्या एका चित्रसंग्रहासाठी. त्यात परदेशी महालांची चोवीस शिळाछाप, म्हणजे दगडावरून छापलेली, चित्रं आहेत. ती चोवीसच राहावीत आणि आहेत त्याच क्रमाने राहावीत, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप. त्यातली पहिली तीन पानं आज घरात नाहीत. ती परत येणार की नाही, हे आत्ता मला माहीत नाही.

कलम १. घर. वर्तकनगरची सदनिका माझ्या एकटीच्या नावावर असून स्वकष्टार्जित आहे. ठाण्याच्या एका सर्वेक्षण कचेरीत मी एकवीस वर्षं ट्रेसर होते. साहेब लोकांनी पेन्सिलीने काढलेले नकाशे शाईत उतरवायचे, हे काम. त्या पगारातून ही जागा झाली. माझ्यानंतर ती ऋतुराज आणि संचिता यांची, निम्मी-निम्मी. सोसायटीच्या दाखल्यावर संचिताचं नाव आधी लिहावं. वर्णमालेत 'ऋ' आधी येतो, असं ऋतुराज म्हणेल. त्याला सांगा, आईला वर्णमाला येते.

बँकेत जे काही निघेल ते आणि पाटल्या सान्वीच्या.

कलम २. दगड. बाल्कनीत तुळशीच्या कुंडीखाली जो पिवळट, गुळगुळीत दगड आहे तो कुंडीसाठी नाही. तो छपाईचा दगड आहे, परदेशातून आलेला, आणि माझे वडील देवराम म्हात्रे यांचा आहे. आम्ही खाडीकाठचे आगरी. वडील मिठागरात होते. मीठ धरण्याआधी आगराची जमीन पायांनी तुडवून अशी सपाट करावी लागते की पाणी कुठेही एका बाजूला झुकता कामा नये. वडिलांच्या तळपायांना तो उतार कळायचा. कल्याणच्या रत्नाकर लिथो छापखान्याच्या मालकांना कोणीतरी हे सांगितलं, आणि त्यांनी वडिलांना दगड घासायला ठेवून घेतलं. दोन दगडांमध्ये वाळू आणि पाणी घालून एकमेकांवर गोल गोल फिरवायचे, जुनं चित्र पुसून जाईपर्यंत आणि दगड पुन्हा कोरा, सपाट होईपर्यंत. मी दहा वर्षांची असल्यापासून डबा घेऊन जायची आणि तिथेच बसायची. वडील माझा तळवा दगडावर ठेवायचे आणि म्हणायचे, "डोल्यांनी बघू नको बाय. हातानी बघ. डोला फसवतो, हात नाय फसवत."

वडील गेल्यावर माझा धाकटा भाऊ उत्तम हक्कसोडीचा कागद आणि पेढे घेऊन आला. बहिणीने माहेरच्या जमिनीवरचा हक्क सोडायचा आणि भावाने तिला साडी नेसवायची, ही आमच्याकडची रीत. मी सही केली. साडी नको म्हटलं, बाबांचा दगड दे म्हटलं. तो त्यांच्या मोरीत कपडे आपटायला होता.

उत्तम मला वेडी ठरवून हसायला लागला. "येरी झाली का गो तू? जमीन सोरते न् दगर मांगते? ने, दोन ने!"

दोन नव्हतेच. एकच होता, तो मी रिक्षात घालून आणला. त्या जमिनीवर आता बावीस मजले उभे आहेत. उत्तमचं चांगलं झालं, मला त्याचं वाईट वाटत नाही. वाईट वाटतं ते हसण्याचं. सबब उत्तमला मी काहीही ठेवत नाही. माझ्या बाराव्याला त्याला पहिल्या पंगतीत बसवावं आणि वाढताना हात आखडू नये. दगड सान्वीचा.

कलम ३. हत्यारं. पत्र्याच्या डब्यात खरवडणीच्या दोन सुया, तेलकट खडू धरायची पितळी नळी, रेघा मारायची तीन पेनं आणि भिंग आहे. हेही सान्वीला. सान्वी चौदा वर्षांची आहे आणि मोबाईलवर बोटाने चित्रं काढते. चांगली काढते. पण चुकलं की बोट उलटं फिरवते आणि चूक नाहीशी होते. दगडावर तसं होत नाही. एकदा तरी तिने दगडावर चुकून पाहावं, अशी माझी इच्छा आहे.

कलम ४. शाल आणि मानपत्र. हे कलम ऋतुराजने नीट बसून वाचावं. रत्नाकर लिथो बंद झालं त्या साली कल्याणच्या मुद्रकांनी ऋतुराजचे वडील कै. गोपीनाथ भोईर यांचा सत्कार केला. 'शिळाछाप कलेतील सिद्धहस्त चित्रकार' असं मानपत्रावर आहे. ते मानपत्र आणि गोपीनाथच्या नावाची चार लेबलं चौकटीत बसवून ऋतुराजने आपल्या दुकानात लावली आहेत. खाली पाटी आहे, 'बाबांची कला'. गिऱ्हाइकांना तो अभिमानाने दाखवतो. ती चारही लेबलं माझ्या हातची आहेत. गोपीनाथने त्यातली एक रेघही काढलेली नाही.

झालं ते असं. १९६६ सालच्या डिसेंबरात मी अठरा वर्षांची होते. छापखान्यातले मुख्य चित्रकार काविळीने घरी होते आणि गोपीनाथ त्यांच्या हाताखाली शिकत होता. एका धान्याच्या व्यापाऱ्याचं नव्या वर्षाचं तारीखपत्रक छापायचं होतं. वर गणपती, खाली तारखा, दोन हजार प्रती. गोपीनाथला गणपतीचे डोळे जमेनात. जेवणाच्या सुट्टीत तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "बायजा, तुला डोले बरे जमतात. एवढा देव करून दे ना." मी पूर्ण गणपतीच काढून दिला. आमच्या देव्हाऱ्यात होता तसाच, डाव्या सोंडेचा.

दगडावर जे काढावं ते कागदावर आरशातल्यासारखं उलटं उमटतं. अक्षरं उलटी लिहायची हे मला लहानपणापासून माहीत होतं, मी ती सुलटी लिहावीत इतक्या झरझर लिहायची. पण देवसुद्धा उलटा काढायचा असतो हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मालकांनी प्रूफ पाहिलं. तारखा तपासल्या, व्यापाऱ्याचं नाव तपासलं, देवाला नमस्कार केला. सोंड कोणीच तपासली नाही.

छापून गेल्यावर तिसऱ्या दिवशी व्यापारी स्वतः गठ्ठे घेऊन परत आला. दोन हजार गणपती, सगळे उजव्या सोंडेचे. "उजव्या सोंडेचा देव मी गिऱ्हाइकांच्या घरोघरी पाठवू? त्याचं सोवळं कोण पाळणार? काही वाईट झालं तर माझ्या नावाने बोटं मोडतील!" त्याचंही चुकत नव्हतं. बरं, देव रद्दीत घालता येत नाही, जाळता येत नाही, दगड घासून पुसला तरी छापलेल्यांचं काय? शेवटी भटजींना विचारून दोन हजार तारीखपत्रकांची पूजा केली, आरती म्हटली आणि दुर्गाडीच्या खाडीत विसर्जन केलं. डिसेंबर महिन्यात 'पुढच्या वर्षी लवकर या' म्हणणारी आम्ही पहिली माणसं असू.

"कोणी काढला हा?" मालकांनी सगळ्यांसमोर विचारलं. वडील दगडाजवळ उभे होते. माझं नाव आलं असतं तर त्यांची नोकरी गेली असती, कारण मुलीला दगडाला हात लावू देत नव्हते. गोपीनाथ पुढे झाला. "मी काढला," म्हणाला. मालकांनी त्याला सगळ्यांदेखत वाटेल ते ऐकवलं, आणि सगळे गठ्ठे खाडीपर्यंत त्याच्याच डोक्यावरून नेले. नऊ खेपा. मी त्याच्याशी लग्न केलं ते या नऊ खेपांसाठी, हे मी इथे स्पष्ट लिहिते.

पण पुढे काय झालं तेही लिहिते. चार दिवसांनी राग ओसरल्यावर मालक त्याला म्हणाले, "सोंड चुकली खरी, पण डोळे काय काढलेस रे! यापुढे लेबलं तूच कर." तेव्हाही तो "बरं" म्हणाला. त्यानंतर सतरा वर्षं, मालक जेवायला गेले की, लेबलं मी काढली आणि खाली 'गो. भोईर' लिहिलं. तेसुद्धा उलटं, तेसुद्धा मीच. दोष त्याने माझ्यासाठी घेतला, आणि दोषाच्या मागोमाग आलेलं कौतुकही ठेवून घेतलं. मागायला मी गेले नाही, द्यायला तो आला नाही. सत्काराच्या दिवशी मी दुसऱ्या रांगेत बसले होते, आणि टाळ्या वाजवत होते, खऱ्या मनाने. घरी येऊन मात्र मी शाल घडी न घालता खुर्चीवर टाकली. ती तीन दिवस तिथेच होती. त्याला कळलं होतं.

शाल ऋतुराजला. मानपत्रही त्यालाच. त्याचा बाप चांगला माणूस होता. चित्रकार नव्हता.

कलम ५. चित्रसंग्रह. मोठ्या आकाराचा, हिरव्या कापडी बांधणीचा. कॅरोलाइन थॉर्नबी नावाच्या इंग्रज बाईंनी पावणेदोनशे वर्षांपूर्वी पोर्तुगाल, स्पेन, सिसिली आणि तुर्कस्तान इथे हिंडून तिथल्या महालांची चित्रं काढली आणि लंडनमध्ये दगडावरून छापून घेतली. एकटी बाई, बोटीने आणि खेचरावर बसून हिंडली. मी तिला थॉर्नबीबाई म्हणते. छापखान्याच्या कपाटात हा संग्रह नमुन्याला म्हणून ठेवलेला होता. अगरबत्ती, साबण, चहा, पापड, जे काही 'महाल छाप' म्हणून निघायचं त्यावर तिच्या पुस्तकातला महाल बसायचा. तुर्कस्तानच्या सुलतानाचा सज्जा कल्याणच्या पापडाच्या पुड्यावर मी स्वतः चढवला आहे, आणि खिडक्यांची जाळी मूळ चित्रापेक्षा कणभर बारीकच काढली आहे. मला कोणी विचारलं नाही, म्हणून सांगते.

विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी मी तोंड लपवून कपाटाशी बसले होते. चाळा म्हणून हा संग्रह उघडला. पहिल्या पानावर महालाचा दरवाजा, दोन्ही बाजूंना पहारेकरी. दोघांच्याही तलवारी डाव्या हातात. दुसऱ्या पानावर कारंज्याजवळ कारकून बसलेला, लिहितोय डाव्या हाताने. तिसऱ्या पानावर पाच शिपाई, पाचही डावखुरे. चौथ्या पानापासून सगळे एकदम उजव्या हाताचे झाले, ते शेवटपर्यंत.

मी तिथेच हसायला लागले आणि मग रडायला लागले. या बाईनेही माझ्यासारखंच केलं होतं. डोळ्यांनी पाहिलं तसं सरळ दगडावर काढलं, तीन वेळा. मग कोणीतरी हसलं असेल, कोणीतरी ओरडलं असेल, आणि चौथ्या दगडावर तिने शिकून घेतलं. इतक्या वर्षांत या जगात तिची चूक कळलेली मी पहिली, असं मला तेव्हा वाटलं. आजही वाटतं.

हे महत्त्वाचं का, ते सांगते. प्रत्येक चित्राच्या खाली बारीक अक्षरात छापलंय की मूळ चित्र मिस थॉर्नबीचं, पण दगडावर उतरवलंय कोणा एका साहेबाने. २०११ साली मुंबईचे एक अभ्यासक हा संग्रह पाहायला घरी आले होते. तेही तेच म्हणाले, "बाई वहीत स्केच करायच्या, दगडावरचं काम पुरुष कारागिरांचं."

मी म्हटलं, "साहेब, जो माणूस पोटासाठी रोज दगडावर काम करतो तो तीन दगड ओळीने उलटे काढील का? आणि चौथ्यापासून एकदम सुधारेल का?"

त्यांनी भिंग मागितलं. पाऊण तास एकेक पान तपासत होते. चहा गार झाला, दुसरा केला. उठताना म्हणाले, "तुम्ही माझं चार वर्षांचं काम खोटं पाडलंत." आणि वाकून नमस्कार केला. नंतर त्यांचा लेख आला. थॉर्नबीबाईंनी स्वतः दगडावर काम केलं, हे त्यात ठणकावून लिहिलंय. तिला तिचं श्रेय मिळालं, याचा मला केवढा अभिमान आहे ते शब्दांत येणार नाही. 'ही माहिती ठाण्यातील एका खासगी संग्राहकाकडून मिळाली', असंही त्यात आहे. तो संग्राहक म्हणजे मी.

छापखाना बंद पडला तेव्हा मालकांच्या मुलाने सगळी पुस्तकं विठ्ठलवाडी स्टेशनजवळच्या रद्दीच्या गोदामात पाठवली. मला दुपारी कळलं. मी हातातलं पीठ तसंच ठेवून गेले. गोदामवाल्याने विचारलं, "ये क्या है मावशी?" मी म्हटलं, "लग्नाचा अल्बम आहे." तो म्हणाला, "इतना बडा?" मी म्हटलं, "खूप मोठं लग्न होतं." संग्रह माझ्या मालकीचा आहे तो असा. गोदामवाल्याची पावती आत चिकटवली आहे.

कलम ६. गेलेली पानं. संग्रहाची शिवण जुनी झाली आहे, पानं सुटतात. याचा फायदा घेऊन ऋतुराजने दिवाळीत पहिली तीन पानं काढून नेली आणि सिद्धेश नावाच्या त्याच्या बिल्डर मित्राला कल्याणच्या सॅम्पल फ्लॅटमध्ये लावायला दिली. मला कळलं नव्या वर्षात.

"आई, टेन्शन नको घेऊस," तो म्हणाला. "मी नीट बघूनच दिलेली. ती तीन मिसप्रिंट आहेत, सगळे लेफ्टी आहेत त्याच्यात. डिफेक्टिव्ह पीस. बाकीची एकवीस एकदम ओके आहेत ना तुझी!"

माझ्या पोटचा मुलगा, चित्रांचाच धंदा करतो, पाट्या आणि फ्लेक्स छापतो, आणि त्याने चोवीसातून नेमकी तीच तीन पानं टाकाऊ म्हणून उचलली. ती तीन गेली की उरतात एकवीस सुंदर, निर्दोष चित्रं, आणि खाली छापलेलं साहेबाचं नाव. मग ते खोटं पाडणारं काही उरत नाही. थॉर्नबीबाई पुन्हा वहीत स्केच करणारी बाई होते. त्यात फ्रेमवाले चित्र चौकटीत बसावं म्हणून कडा कापतात. कापलेलं पान पुन्हा शिवता येत नाही.

सबब मी असं लिहीत आहे की तीन पानं माझ्या हयातीत परत न आल्यास उरलेली एकवीस मुंबईच्या त्या अभ्यासकांना द्यावीत, आणि घराच्या कलम १ मधून ऋतुराजचं नाव काढावं. हे लिहिताना मला त्रास होतोय. तरी लिहिते.

कलम ७. हे कलम आठ दिवसांनी लिहीत आहे.

मी कलम ६ लिहून वही टेबलावर उघडी ठेवली होती. संचिताने ती वाचली. सून सासूचं मृत्युपत्र चोरून वाचते, असं कोणी म्हणेल, पण मी उघडी का ठेवली होती तेही कोणीतरी विचारावं. दुसऱ्या दिवशी ती दुकानात न जाता परस्पर कल्याणला गेली. दुपारी परत आली तेव्हा हातात तीन चौकटी होत्या आणि चेहरा लाल झाला होता.

"आई, सोफ्याच्या वर लावलेली त्यांनी, लाईट सोडून. मी खुर्चीवर चढले आणि काढली."

"सिद्धेश काही म्हणाला नाही?"

"म्हणाला ना. वहिनी, ऋतुराजने दिलीयेत, त्याच्याशी बोला. मी म्हटलं, त्यांची नाहीतच, आईंची आहेत. तर म्हणतो, अहो पण ऋतुराजला आर्टमधलं कळतं, आमचा लोगो, ब्रोशर, गेटवरचा बोर्ड, सगळं त्यानेच केलंय, काय हात आहे त्याचा!" संचिता खाली बसली. "आई, ते सगळं मी केलंय. तेरा वर्षं मीच करते. ते फक्त ऑर्डर आणतात. सिद्धेशना माहीतच नव्हतं."

मला माहीत होतं. हे मी इथे कबूल करते. दुकानाचं नाव 'ऋतुराज ग्राफिक्स', कॉम्प्युटरवर बसते संचिता. तेरा वर्षं मी ते पाहिलं आणि बोलले नाही. मला वाटलं, असंच असतं. माझं तोंड कोणी दाबलं नव्हतं. हा माझा दोष मी माझ्याच नावावर लिहिते.

चौकटींच्या मागचे खिळे आम्ही दोघींनी उचकले. कडा कापलेल्या नव्हत्या, जाड कागदाखाली नुसत्या झाकल्या होत्या. माझ्या हाताला ते आधी कळलं, मग डोळ्यांना दिसलं. मी देवाला हात जोडले, आणि सोंड कुठल्या बाजूला आहे ते पाहिलं नाही.

संध्याकाळी ऋतुराज घरी आला तो तणतणतच. "मला न विचारता गेलीस तू? काय इज्जत राहिली माझी सिद्धेशसमोर?"

मी त्याला बसवलं. तीन पानं पुढे ठेवली आणि कलम ४ वाचायला दिलं. त्याने दोनदा वाचलं. मग पहिलं पान जवळ ओढून पहारेकऱ्यांचे हात पाहिले.

"म्हणजे बाबांनी काहीच नाही काढलं?" त्याचा आवाज लहान मुलासारखा झाला होता.

"गठ्ठे काढले ना. नऊ खेपा, डोक्यावरून."

तो हसला नाही. "तू मला आधी का नाही सांगितलंस? मी पंचवीस वर्षं लोकांना दाखवतोय."

"तुला बापाचा अभिमान होता. मला तो मोडवेना."

"आणि तुझा? तुझा पण झाला असता ना." एवढं बोलून तो उठून बाल्कनीत गेला. माझ्या मुलाबद्दल या कागदात मी कडू लिहिलं आहे, म्हणून हे वाक्यही त्याच्या नावावर जमा करते. आत आल्यावर त्याने विचारलं, "आता पुस्तक कोणाला देणार?"

"संचिताला."

तो बायकोकडे न बघता म्हणाला, "बरोबर आहे. तिला दे." मग थोड्या वेळाने, "मला विचारलं असतंस तर मी नसतं सांभाळलं." हे खरं बोलला.

कलम ८. सबब कलम ६ मधला शेवटचा परिच्छेद रद्द समजावा. घराचं कलम आहे तसं राहील. चित्रसंग्रह, चोवीस पानं, हिरवी बांधणी आणि पावतीसह, मी संचिता ऋतुराज भोईर हिला देत आहे. तिला एकटीला. तिच्या नवऱ्याचा, मुलीचा, किंवा ती म्हणेल त्याखेरीज कोणाचाही त्यावर हक्क नाही. तिने तो फोडू नये. शिवून घ्यावा. कुठे प्रदर्शनात ठेवला तर पहिली तीन पानं पहिली लावावीत, आणि त्यांना कोणी चुकीची म्हटलं तर त्या माणसाला खुर्ची देऊन बसवावं आणि समजावून सांगावं. रागावू नये. त्या अभ्यासकांवर मी रागावले नव्हते, त्याचा उपयोग झाला.

आजपासून संचिताने आपण केलेल्या कामाखाली आपलं नाव घालावं. वकील म्हणाले, ही अट मृत्युपत्रात टिकणार नाही. नाही टिकली तरी चालेल. संचिताने ती वाचलेली आहे.

दुकानातल्या चार लेबलांखालच्या पाटीचं काय करायचं, ते ऋतुराजने ठरवावं. मी सांगणार नाही.

कलम ९. या मृत्युपत्राची अंमलबजावणी शेजारचे श्री. साईनाथ वैती यांनी करावी. ते कोर्टातून निवृत्त झाले आहेत आणि दुसऱ्यांच्या कागदात रमतात. माझ्या प्रकृतीचा दाखला डॉ. नीरजा सप्रे यांनी दिला असून तो सोबत जोडला आहे. वकिलांनी दिलेलं सहीचं छापील पान शेवटी लावलं आहे.

माझ्या मागे कोणी रडू नये, असं मी लिहिणार नाही. रडावं. चाळीसेक वर्षं मी चांगलं काम केलं, ते गेलं म्हणून रडावं.

सही,
बायजा देवराम म्हात्रे, लग्नानंतर बायजा गोपीनाथ भोईर

साक्षीदारांचे निवेदन: वरील मृत्युपत्र करणाऱ्या बाईंना आम्ही ओळखतो. त्यांनी आज आमच्या दोघांच्या समक्ष प्रत्येक पानावर व अखेरीस सही केली आणि आम्ही त्यांच्या समक्ष साक्षीच्या सह्या केल्या. वकिलांच्या छापील पानावर सहीखाली व्यवसायाच्या जागी 'गृहिणी' असा शब्द होता. सही करण्यापूर्वी बाईंनी तो आमच्यादेखत स्वतःच्या हाताने खोडला, वर 'शिळाछाप चित्रकार' असे लिहिले आणि समासात आद्याक्षरे केली. ही दुरुस्ती त्यांनी राजीखुशीने केली असून ती खरी आहे, असे आम्ही साक्षीवर लिहून देत आहोत.

साक्षीदार १: साईनाथ पांडुरंग वैती, वर्तकनगर, ठाणे
साक्षीदार २: डॉ. नीरजा अरविंद सप्रे, वर्तकनगर, ठाणे

ठिकाण: ठाणे
दिनांक: ६ फेब्रुवारी २०२५